पंधरा किलो कोणत्या जागेसाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या सिडकोत राहणारा अठरा वर्षांचा मुलगा, नुकताच एफ.वाय.ला गेलेला. उंची 190 सेंटिमीटर, वजन 66 किलो. संघात सगळ्यांत उंच म्हणून कॉलेजकडून सेंटर, म्हणजे बास्केटखालच्या जागेवर, खेळतो. सर म्हणतात, नोव्हेंबरच्या सिलेक्शनपर्यंत पंधरा किलो वाढव, नाहीतर वरच्या पातळीवर मोडून पडशील. जिममधल्या ट्रेनरनं मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरीचा) डबा आणि भूक वाढवायच्या गोळ्या सुचवल्या आहेत. घर माळकरी, अंडंही चालत नाही. वडील म्हणतात, आपल्या घराण्याची अंगकाठीच अशी, कितीही खाल्लं तरी अंगाला लागायचं नाही. सकाळी सातचं लेक्चर चहा-बिस्किटावर, दुपारी दीडला जेवण, पाच ते साडेसात प्रॅक्टिस, रात्री नऊनंतर पुन्हा जेवण, असा दिवस. त्याचे प्रश्न दोन: बारीक अंगाचा खेळाडू व्यावसायिक बास्केटबॉल खेळू शकतो का? आणि खेळला तर शरीर टिकतं का?

उत्तर:

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आहे. पण ‘तू आहेस तसाच बरा, कुणाचं ऐकू नकोस’ असं मी म्हणणार नाही. वजन वाढवायला हवं हे सरांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी दिलेली मुदत मात्र चुकीची आहे, आणि ज्या कारणासाठी ते वजन मागतायत, ते कारण पुन्हा एकदा तपासायला हवं.

आधी कारणाचं बघू. तू सेंटर खेळतोस, कारण तुमच्या संघात 190 हीच सर्वांत मोठी उंची आहे. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे किंवा सर्व्हिसेसचा (सैन्यदलांचा) संघ उतरतो तेव्हा बास्केटखाली दोन मीटर आणि त्याहून उंच माणसं उभी असतात. त्यांच्यासमोर तू 81 किलोचा झालास तरी बुटका आणि हलका सेंटरच ठरशील. वरच्या पातळीवर 190 ही गार्डची (चेंडू घेऊन खेळ रचणाऱ्याची) किंवा विंगची (कडेनं खेळणाऱ्याची) उंची आहे. म्हणजे ज्या जागेसाठी हे पंधरा किलो मागितले जातायत, त्या जागेवर तू पुढे खेळणारच नाहीस. तुझा खरा तोटा वजनात आहे त्याहून जास्त डाव्या हाताच्या ड्रिबलमध्ये आणि तीन गुणांच्या रेषेवरून मारलेल्या शॉटमध्ये असेल. उंच मुलांना शाळेपासून बास्केटखाली उभं केलं जातं, चेंडू हाताळायची वेळच येत नाही, आणि विसाव्या वर्षी कळतं की आपल्याहून दहा सेंटिमीटर उंच माणसं तिथे आधीच आहेत. आपल्याकडे अशी किती मुलं वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बारीक खेळाडूंबद्दल. केविन ड्युरंट 2007 मध्ये एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) निवड चाचणीत 185 पौंड, म्हणजे सुमारे 84 किलोचा बार छातीवरून एकदाही उचलू शकला नव्हता. त्यावरून बरीच टीका झाली. त्याच्या आधी, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला ग्रेग ओडन धिप्पाड होता. त्याचे गुडघे गेले आणि एनबीएच्या सगळ्या कारकिर्दीत त्याला 105 सामनेच खेळता आले. ड्युरंट 2014 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रेजी मिलर हा 2 मीटर उंचीचा, काडीसारखा शूटर एकाच संघाकडून 18 हंगाम आणि 1389 सामने खेळला. शे गिल्जस-अलेक्झांडर बारीकच आहे, आणि 2025 चा सर्वोत्तम खेळाडू तोच. भारी शरीर म्हणजे दुखापतीपासून संरक्षण, हा समज या उदाहरणांपुढे टिकत नाही.

पण इथे एक गोष्ट नीट बघ. ड्युरंट निवडीच्या वेळी सुमारे 97 किलोचा होता. उंचीच्या मानानं त्याचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 22 ते 23 च्या घरात येतो. मिलरचा 21-22. म्हणजे तिथे ज्यांना ‘बारीक’ म्हणतात तेसुद्धा तुझ्याइतके बारीक नाहीत. तुझा बीएमआय 18.3 आहे. तुझ्या उंचीला 76 ते 78 किलो झाले तर तू त्या ‘बारीक पण टिकाऊ’ गटात येशील. म्हणून माझं गणित असं: या वर्षात 70-71, एकविसाव्या वर्षापर्यंत 76 च्या पुढे. सरांच्या हिशेबानं महिन्याला तीन किलो होतात. अठरा वर्षांचा नवखा मुलगा चांगला व्यायाम आणि चांगला आहार घेऊन महिन्याला अर्धा, फार तर एक किलो स्नायू कमावतो. वरचे दोन किलो चरबी. उडीवरून उतरताना गुडघ्यावर आणि घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि ही चरबी त्या भारात भरच घालते, उडीत कसलीही मदत करत नाही.

बारीक खेळाडूंना दुखापती होतच नाहीत असंही नाही. एनबीएतल्या स्टेफन करीचा घोटा इतका वारंवार मुरगळायचा की 2011-12 च्या हंगामात तो 26 सामनेच खेळला, शस्त्रक्रियाही झाल्या. त्यावर उपाय म्हणून त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला कंबरेतून वाकायला आणि नितंबांचे स्नायू वापरायला शिकवलं, म्हणजे दिशा बदलताना सगळा ताण घोट्यावर येऊ नये. पुढे तो स्वतःच्या वजनाच्या दुपटीइतकं डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) करू लागला आणि चार वेळा विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचा कणा ठरला. अंगानं तो तसाच सडपातळ दिसत राहिला. एनबीएतलाच चेट होमग्रेन 2 मीटर 13 सेंटिमीटर उंच आणि निवडीच्या वेळी जेमतेम 88 किलोचा. 2022 मध्ये पायाच्या मधल्या सांध्याला इजा होऊन त्याचा पहिला पूर्ण हंगाम गेला, 2024 मध्ये पडून कंबरेचं हाड मोडलं, आणि 2025 मध्ये तो विजेत्या संघात होता. जोरात आदळणाऱ्या शरीरावर पुरेसं मांस नसेल तर पडण्याची किंमत जास्त मोजावी लागते, हे मान्य करूनच पुढे जायचं.

वजनाआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये. ‘घराण्याची अंगकाठी’ हे वडिलांचं म्हणणं बहुतेक बरोबर असेल, पण त्यावर विसंबायचं नाही. फार उंच आणि बारीक मुलांमध्ये मार्फन सिंड्रोम नावाचा आनुवंशिक विकार तपासावा लागतो. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू फुगत जाते आणि जोराच्या खेळात फाटू शकते. आयझेया ऑस्टिन नावाच्या अमेरिकन खेळाडूला 2014 मध्ये, एनबीएची निवड चार-पाच दिवसांवर आलेली असताना हे निदान झालं. घरी एवढं बघता येतं: दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोज. ते उंचीच्या 1.05 पटीहून जास्त, म्हणजे तुझ्या बाबतीत दोन मीटरच्या आसपास किंवा पुढे आहे का? अंगठा मुठीत घेतल्यावर त्याचं अख्खं नख करंगळीच्या बाजूनं बाहेर येतं का? दुसऱ्या हाताचं मनगट धरल्यावर अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढतात का? छातीचं हाड आत दबलेलं किंवा पुढे आलेलं, चष्म्याचा नंबर खूप मोठा, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं? यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग खेळ. लांब हात बास्केटबॉलमध्ये बऱ्याच निरोगी मुलांचे असतात, त्यामुळे एकाच खुणेनं घाबरून जाऊ नकोस. पण इको एकदा करून घेतलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच फेरीत रक्ताच्या तपासण्या: सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइड) आणि साखर. शाकाहारी घरात बी-12 कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि थकवा ‘वजन कमी म्हणून’ आहे असं समजून मुलं वर्षं घालवतात. वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा सारखी तहान-लघवी असेल, तर तो अंगकाठीचा प्रश्न नाही. आणखी एक: उंच, बारीक तरुणांमध्ये फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस दबण्याचा प्रकार इतरांपेक्षा जास्त दिसतो. छातीत एका बाजूला अचानक कळ आणि दम लागला तर मैदानावर बसून वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात. सिगारेटनं हा धोका खूप वाढतो.

आता जेवण. ‘कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही’ असं म्हणणारी बहुतेक मुलं मोजल्यावर कमीच खाताना सापडतात. तुझ्या पत्रातच बघ. सकाळी चहा-बिस्किट आणि पुढचं काही थेट दीडला. मग दीड ते रात्री नऊ, साडेसात तास, आणि त्यातले अडीच तास प्रॅक्टिस. तुझी रोजची गरज तीन हजार कॅलरींच्या वर आहे, वजन वाढवायला आणखी 300 ते 500 हव्यात. दोन जेवणांत हे बसत नाही, पोट तेवढं घेतच नाही. शरीराला खर्चाएवढं इंधन मिळालं नाही की ते हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती यांच्यात काटकसर करतं. वारंवार सर्दी, न भरणारी दुखणी, झोप नीट न लागणं, लैंगिक इच्छा मंदावणं, नडगीत किंवा पायात एका ठिकाणी बोट ठेवता येईल अशी वेदना, ही त्याची लक्षणं. मुलींमध्ये पाळी लांबणं किंवा थांबणं हे सर्वांत स्पष्ट लक्षण. तीन महिने पाळी आली नाही तर ‘खेळामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका, हाडांचं नुकसान तेव्हाच सुरू झालेलं असतं. बारीक असण्यानं शरीर मोडत नाही, उपाशी राहून खेळण्यानं मोडतं.

म्हणून दिवसात सात वेळा खा. लेक्चरला निघायच्या आधी 300 मिली दूध, दोन केळी, मूठभर शेंगदाणे. दहाच्या सुट्टीत डब्यात दशमी किंवा थालीपीठ आणि दही. दुपारी तीन-चार पोळ्या किंवा दोन बाजरीच्या भाकरी, वाटी भरून उसळ, वरण-भात, त्यावर दोन चमचे तूप. साडेतीनला, प्रॅक्टिसच्या दीड तास आधी, पोहे किंवा उपमा आणि एखादं फळ. प्रॅक्टिस संपल्यावर तासाभरात पेय, त्याचं प्रमाण खाली देतो. नऊला जेवण, त्यात पनीर किंवा सोया. झोपताना दूध. पोट भरलंय पण गरज बाकी आहे असं वाटलं तर कोशिंबीर कमी आणि भात जास्त, कारण चोथ्यानं पोट लवकर भरतं. रविवारी प्रॅक्टिसनंतर मिसळ खायला हरकत नाही, मटकी जास्त आणि फरसाण-तर्री कमी मागून घे.

प्रथिनं किलोमागे 1.6 ते 2 ग्रॅम, म्हणजे तुला 105 ते 130 ग्रॅम. माळकरी घरात हे जमतं: दिवसभरात दूध-दही मिळून एक लिटर (सुमारे 33 ग्रॅम), कोरडे सोया चंक्स 50 ग्रॅम (26), पनीर 100 ग्रॅम (18), उसळीचं कडधान्य 60 ग्रॅम (13), वरणाची डाळ 40 ग्रॅम (9), शेंगदाणे 40 ग्रॅम (10), पोळ्या-भाकरीतून 18-20. बेरीज सव्वाशेच्या वर जाते. अंड्यासाठी घरच्यांशी वाद घालायची काही गरज नाही.

मास गेनरच्या डब्यावरचा तक्ता वाच. बहुतेक डब्यांत सर्वांत मोठा वाटा माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे स्वस्त पिष्टाचा असतो. त्याऐवजी 400 मिली म्हशीचं दूध, दोन केळी, 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, 40 ग्रॅम डाळ्याचं पीठ आणि 20 ग्रॅम गूळ मिक्सरमधून काढ. साधारण 900 ते 1000 कॅलरी आणि 30 ते 35 ग्रॅम प्रथिनं मिळतात. एकदम जड जात असेल तर अर्धं प्रॅक्टिसनंतर, अर्धं झोपताना.

त्या गोळ्यांना मात्र हातही लावू नकोस. वजन वाढवायच्या म्हणून सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा सिप्रोहेप्टाडीन आणि डेक्सामेथासोन असतं. पहिल्यानं भूक आणि गुंगी येते. दुसरं स्टेरॉइड आहे: तोंडावर सूज, अंगात पाणी, पुढे हाडं आणि स्नायू कमजोर. स्पर्धेच्या काळात डेक्सामेथासोन तोंडावाटे घेणं प्रतिबंधित आहे. राष्ट्रीय स्पर्धांत नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेचे) लोक लघवीचा नमुना घेऊ शकतात, आणि ‘ट्रेनरनं दिली, मला माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. स्नायू वाढवायच्या स्टेरॉइडसाठी चार वर्षांपर्यंत बंदी येते, म्हणजे तुझी अठरा ते बावीस ही वर्षं संपली. पूरक म्हणून काही घ्यायचंच असेल तर क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम, भरपूर पाण्यासोबत. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत ते मुळात कमी असतं, म्हणून फरकही दिसतो. ते प्रतिबंधित नाही. मूत्रपिंडाचा काही त्रास नाही ना, एवढं आधी डॉक्टरांना विचार, आणि डबा तपासणी-प्रमाणित बघूनच घे. पहिल्या महिन्यात वाढलेला किलोभर पाण्याचा असतो, त्याला स्नायू समजू नकोस.

जिम आठवड्यातून तीन दिवस, 50 मिनिटं. पावसाळ्यात उघडी सिमेंटची कोर्ट ओली असतात, तेव्हाच हा पाया घालून घे. लांब मांड्यांच्या मुलाला बार पाठीवर घेऊन स्क्वॉट करताना तोल पुढे जातो, मग कंबर दुखते आणि मुलं जिमच सोडतात. तू डंबेल छातीशी धरून, टाचांखाली दोन सेंटिमीटरची फळी ठेवून, 16 किलोनं सुरू कर: 8 चे तीन सेट. जोडीला रोमेनियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकत वजन खाली-वर करणं), मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचा स्क्वॉट, पुल-अप, पुश-अप आणि दोन्ही हातांत वजन घेऊन 30 मीटर चालणं. आणखी दोन रेप (आवर्तनं) करता येतील एवढंच वजन, आणि तिन्ही सेट नीट झाले की पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढव. दीड-दोन वर्षांत स्वतःच्या वजनाच्या सव्वापट स्क्वॉट हे लक्ष्य. बेंच प्रेसवर कुणाशी स्पर्धा करू नकोस. लांब हातांना बार जास्त अंतर ढकलावा लागतो, आणि ड्युरंटचं वर सांगितलंच आहे.

पोटऱ्या आणि घोटे मात्र रोज. एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून 15 आणि वाकवून 15. एका पायावर सलग 25 होईपर्यंत वाढवत जा. एका पायावर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलणं, प्रत्येकी एक मिनिट. घोटा आधी मुरगळला असेल तर मॅचला नाड्यांनी बांधायची घोट्याची ब्रेस (आधारपट्टा) घाल. उडीवरून उतरताना मोबाईलवर समोरून व्हिडिओ घे: गुडघा आत वळत असेल तर आधी तो सुधार, मग उड्यांची संख्या वाढव. पावलाच्या बाहेरच्या कडेला दुखत असेल तर खेळणं थांबव. पावलाच्या पाचव्या, म्हणजे करंगळीच्या रेषेतल्या हाडाला चीर पडण्याची ती जागा असते, ड्युरंटचं 2014 मध्ये तिथेच मोडलं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत चीर दिसेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ दहा अंशांच्या खाली जाते, तेव्हा पंधरा मिनिटं अंग गरम केल्याशिवाय उडी नाही. आणि झोप आठ तासांच्या खाली नको. साडेअकरापर्यंत फोन आणि सकाळी सहाचा गजर, यात स्नायू वाढत नाहीत.

कोर्टवर जड माणूस पाठ लावून ढकलत असेल तर छातीनं थांबवायला जाऊ नकोस. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधीच त्याच्या पुढे किंवा अर्ध्या बाजूला उभा राहा, हात पासच्या रेषेत. रिबाउंडला (हुकून परत येणाऱ्या चेंडूसाठी) शॉट सुटताक्षणी खाली बसून कंबर त्याच्या मांडीला लाव. जो आधी आणि खाली लागतो, त्याची जागा. आक्रमणात स्क्रीनवरून (वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्या खेळाडूला वळसा घालून) पळून मोकळा हो, मिलरनं आयुष्यभर हेच केलं. तुझ्यावर फाऊल झाला की फ्री थ्रो मिळतात, ते शंभरात ऐंशी तरी पडायला हवेत.

‘व्यावसायिक’ म्हणजे काय, हेही स्पष्ट करून घे. आपल्याकडे इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगसारखे प्रयत्न 2022 पासून सुरू आहेत, पण महिन्याचा पगार अजून मुख्यतः रेल्वे, सर्व्हिसेस, पोलीस, बँका, आयकर अशा खात्यांच्या भरतीतून मिळतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र जपून ठेव आणि पदवी सोडू नकोस. सतनाम सिंग भमारा 7 फूट 2 इंच उंच, धिप्पाड, 2015 मध्ये एनबीएत निवडला गेलेला पहिला भारतीय. तिथे एकही सामना त्याला मिळाला नाही. शरीर असूनही पुढची वाट अवघड असते, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

सरांशी भांडू नकोस. त्यांच्याकडे जाताना वही घेऊन जा. सोमवार आणि गुरुवार, सकाळी उपाशीपोटी वजन. दर तीन आठवड्यांनी भिंतीवर खडूनं उडीची खूण आणि वीस मीटर धावण्याची वेळ. दोन आठवड्यांची सरासरी हलली नाही तर आणखी एक ग्लास दूध आणि मूठभर शेंगदाणे. वजन वाढलं पण उडी कमी झाली तर वेग कमी कर. त्यांना दोन गोष्टी विचार: आठवड्यातल्या दोन प्रॅक्टिस गार्डच्या जागेवर मिळतील का, आणि नोव्हेंबरपर्यंत पंधराऐवजी तीन किलो चालतील का, उडी तीच राखून? ते सिलेक्शन या वर्षी हुकलं तरी पुढच्या वर्षी तू एकोणीसच वर्षांचा असशील.